कॉन्स्टँटिनोपलचं पुडकं

मी काही लिहिणारा माणूस नाही. लिहायला बसलो, याबद्दल आधीच माफ करा. आमच्या घरात कॉलेजचं नाव काढणारा मी पहिला. वडील पेणला मिठागरावर. ही गोष्ट त्यांना सांगितलेली नाही, बायकोलाही नाही — मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

दुबईत, अल क्वोजच्या एका गोदामात मी आणि खेडचा यासीन माल चढवायचो. दोघंही पोस्टाने बी.ए. करत होतो. जो इतिहासाचा पेपर पास होईल त्याला ऑफिसात स्टोअरकीपरचं टेबल, असं मॅनेजरने सांगितलं होतं. टेबल एकच.

मला यासीनचा राग यायचा. मी डिलिव्हरी नोट लिहिली की सगळ्यांसमोर म्हणायचा, "यल्ला पंडित, स्पेलिंग सुधार, नाहीतर माल मस्कतला जाईल." सगळे हसायचे. त्याचं काय चुकायचं? स्पेलिंग चुकलेलंच असायचं.

क्लासच्या नोट्स पुण्याहून यायच्या, पण पोस्टाने नाही — पोस्टाचा काय भरवसा? — येणाऱ्या माणसाबरोबर, चकलीच्या डब्याशेजारी. दोघांत एकच संच. दुबईतच करामाला जाऊन मी तो आणायचा आणि यासीनला झेरॉक्स द्यायची. शेवटच्या पुडक्यात कॉन्स्टँटिनोपल होतं. ते मी बसमध्येच वाचून काढलं. शर्यतीतल्या निळ्या आणि हिरव्या रथांपायी एकमेकांची डोकी फोडणारी माणसं. पायऱ्यांवर फुकट वाटली जाणारी भाकरी — पण बिल्ला असेल त्यालाच. आणि पोटासाठी दुरून आलेले, बिल्ला नसलेले, खाली उभे. हे वाचताना मला कुणाची आठवण यायला हवी होती? मला फक्त ते टेबल दिसलं.

"कॉन्स्टँटिनोपलचं आलं का काही?" यासीनने विचारलं.

"नाही रे. आणि त्यावर प्रश्न येतच नाही, असं सरांनी कळवलंय."

इतकंच. दोन वाक्यं. दुसरं तर त्याने मागितलंही नव्हतं.

प्रश्न आला. वीस मार्कांचा, सक्तीचा. यासीन माझ्या पुढच्या बाकावर होता. मी पानांमागून पानं लिहीत होतो आणि तो समोरच्या भिंतीकडे बघत बसला होता. मला तेव्हा — इथे हात अडतो — बरं वाटलं.

तो सहा मार्कांनी गेला. टेबल मला मिळालं. "मुबारक पंडित," म्हणत त्याने हात पुढे केला. मी तो हातात घेतला. पुढे तो शारजाच्या एका गोदामात गेला. पुन्हा परीक्षेला बसला नाही.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात त्याच्या गावचा एकजण बिलावर शिक्का मारून घ्यायला माझ्याकडे आला. त्याने सांगितलं, यासीनची मुलगी बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली. कॉलेजला जायचं म्हणून दोन दिवस जेवली नाही. यासीनने पाठवलं नाही. म्हणाला, "पेपरात काय येणार हे ज्यांना कळायचं त्यांना आधीच कळतं. आपण त्यांतले नाही." रमजाननंतर तिचं लग्न लावून दिलं.