बाळारामदादांचं डिझेल आणि नियम नंबर नऊ

मी गोडाऊनच्या माल चढवायच्या डॉकवर पोहोचले तेव्हा बाळारामदादा फोर्कलिफ्टसकट वर गेले होते आणि हॉर्न वाजवत होते.

म्हणजे मशीनची पुढची चाकं जमिनीवर होती, मागची हवेत. दादांचा सीटबेल्ट लावलेला, डोक्यावर हेल्मेट. माझे सगळे नियम पाळून माणूस तोंडावर पडायच्या बेतात होता.

मी दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. काम सोपं आहे: लोकांना 'नाही' म्हणायचं. तेवढ्या एकाच कामात मी चुकले, म्हणून हे लिहितेय.

आमच्याकडे दोन फोर्कलिफ्ट होत्या. एक डिझेलची, ती अंजूरचे बाळाराम पाटील चालवायचे. दुसरी बॅटरीची, ती रफिकभाईंची. हेड ऑफिसचा मेल आला की काम कमी झालंय, एकच मशीन ठेवा, कुठलं ते मॅनेजरने ठरवावं. रफिकभाईंना दोन्ही चालवता येतात. दादांना फक्त डिझेल. बॅटरीचं ट्रेनिंग मी त्यांना तीनदा लावलं, तिन्ही वेळा नेमकं त्यांच्या भावकीत लग्न निघालं. डिझेल गेलं की दादा घरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता आमचे मॅनेजर निहाल सर. चांगला मुलगा, पण फॉर्म्युला रेसिंगचं वेड. त्याच सुमारास रेसिंगचे इंजिनाचे नियम बदलले होते आणि कँटीनमध्ये रोज त्याचीच सभा भरायची. नियम थोडक्यात असा, की गाडीची जवळजवळ निम्मी ताकद आता बॅटरीची आणि निम्मी पेट्रोल इंजिनाची.

"मंजे सरल रस्त्याव बॅटरी संपली तं?" दादांनी विचारलं.

"मग ड्रायव्हरने थोडा पाय उचलायचा. चार्ज वाचवायचा," सर म्हणाले.

"रेसमंदी पाय उचलाचा? मंग घरी झोपाचा ना! आन् आवाज? आवाजच न्हाय तं रेस कसली?"

"चाचा, ज़माना बैटरी का है," रफिकभाई म्हणाले.

"तुजा जमाना चार्जरला लटकलेला हाय."

मग सरांनी इंजिनाची पळवाट सांगितली. इंजिनाचं एक माप नियमात बांधलेलं असतं, पण ते मोजतात इंजिन थंड असताना. गरम झाल्यावर तेच माप थोडं बदललं, तर ताकद वाढते आणि कागदावर सगळं नियमात! यावर दोन दिवस वाद. ही हुशारी की चोरी? दादा हुशारीच्या बाजूने होते. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

शुक्रवारी सरांनी जाहीर केलं, "मशीनचा निर्णय ट्रॅकवर होईल. रेस जिंकेल ते मशीन राहील."

"सर, हे गोडाऊन आहे," मी म्हटलं.

"मॅडम, म्हणूनच नियमावली करू. तुम्ही सही करा."

नियमावली तीन पानांची झाली. कुणाची पोजिशन कुठली, कुठल्या चुकीला किती सेकंदांची पेनल्टी, सगळं त्यात. मी पहिल्या पानावर माझं घुसवलं: स्पीड ताशी आठ किलोमीटर, प्रत्येक वळणावर हॉर्न, सीटबेल्ट सक्तीचा. एवढं केल्यावर मला वाटलं, आता यात काय होणारे डोंबल? शेवटच्या पानावर सही ठोकली. ते पान वाचलं नाही.

त्या पानावर होता नियम नंबर नऊ. दोन्ही मशीनचं वजन सारखं हवं.

रेसिंगमध्ये हे बरोबर आहे. पण फोर्कलिफ्ट ही रेसची गाडी नव्हे. ती पुढच्या दोन दांड्यांवर माल उचलते, म्हणून मागे मुद्दाम जड लोखंडी ठोकळा बसवलेला असतो. त्याला काउंटरवेट म्हणतात. तोच तिला खाली धरून ठेवतो. बॅटरीवाल्या मशीनमध्ये जड बॅटरीच त्यातलं बरंच काम करते. वजनकाट्यावर दादांचं डिझेल जास्त भरलं. दादांनी मागून काय कमी करता येईल ते पाहिलं, ठोकळ्याचे बोल्ट खोलले आणि तो उचलायला मशीन लागतं म्हणून कोणाला बोलावलं? रफिकभाईंना! ज्याच्याशी रेस, त्याच्याच फोर्कलिफ्टने ठोकळा उतरवला. वर दोघांनी मिळून चहा प्यायला.

शनिवारी दुपारी रेस: डॉकवरचा माल उचलून जो आधी परत येईल, तो जिंकला. मी ऑफिसात फोनवर होते. दादा ठोकळ्याविना सुसाट, म्हणजे ताशी आठच्या वेगाने, पुढे गेले. वळणावर हॉर्न दिला. साबणाची खोकी रचलेल्या लाकडी पॅलेटखाली दांडे घातले आणि लिव्हर ओढला. पॅलेट जागचं हललं नाही. दादाच उचलले गेले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी धावत आले, तर निहाल सर स्वतः मागच्या बाजूला लोंबकळायला निघालेले.

"सर, मागे व्हा! तुम्ही काउंटरवेट नाही!"

"मॅडम, उतरू काय?" वरून दादा.

"अजिबात नाही! बसल्या जागी बसा. लिव्हर हळू खाली करा. हळू म्हटलं ना!"

मशीन टेकलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.  तेवढ्यात मागून रफिकभाईंचा आवाज आला, "तो जीता कौन?" आणि बाप रे, पुन्हा वाद सुरू! ठोकळा उतरवायला मदत केली म्हणून रफिकभाईंना पेनल्टी लागते का, यावर सर नियमावली चाळत होते. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

दादा ठोकळ्यावर जाऊन बसले होते. "आता मना काडतील ना?" एवढंच म्हणाले. मला त्यांचा राग आला होता, तो तिथेच विरघळला.

रिपोर्टमध्ये 'अपघाताचे कारण' असा रकाना असतो. 'ऑपरेटरने काउंटरवेट काढले' एवढंच लिहिलं असतं, तर दादा सोमवारी घरी. मी तेही लिहिलं आणि त्याच्या वर लिहिलं, 'सेफ्टी ऑफिसरने नियम न वाचता सही केली, मॅनेजरने नियम केला.' मला मेमो मिळाला, सरांना दोन. डिझेल मशीन गेलं. उरलेल्या एकाच मशीनवर दोन शिफ्ट ठरल्या, आणि बॅटरीचं ट्रेनिंग घेतलं तर दुसरी शिफ्ट दादांची, असं हेड ऑफिसने कळवलं. भावकीतली लग्नं एकदम थांबली. शिकवलं रफिकभाईंनी.

मी आता प्रत्येक कागद शेवटच्या पानापासून वाचते. तुम्हीही वाचा.

परवा दुसऱ्या शिफ्टला राउंड घेत होते, तर रॅकच्या मागून डिझेल इंजिनाचा आवाज. मी तडक गेले. दादा बॅटरीचं मशीन चालवत होते आणि तोंडाने घुर्रर्र करत होते. गिअर बदलल्याचा आवाजसुद्धा काढत होते, वळणावर.

"मॅडम, ह्ये नियमात बसतं का?"

मी नियम आठवून पाहिले. आडवा येणारा एकही सापडला नाही. नवा करणारही नाही.