चौदा बुटांचं पाळणाघर

चूक झाली ती आकडा लिहिण्यात, आणि लिहिणाऱ्याचं गणित शाळेत असताना अख्ख्या गावात नावाजलेलं. सोसायटीच्या ऑफिसातल्या कारकुनाने चौथ्या मजल्यावरच्या तक्रारीची चौकशी खुर्चीवरून न उठता केली. "पाळणाघरवाल्या काकूंच्या दाराबाहेर गर्दी असते म्हणतात. किती आहेत बघ रे," असं त्याने वॉचमनला फोनवर सांगितलं. वॉचमन वर गेला, वाकून नीट मोजून म्हणाला, "चौदा आहेत, साहेब."

त्याने मोजले होते बूट. कारकुनाने लिहिली मुलं. 'साहेब' ऐकून तो जरा सुखावला होता, तेही एक कारण असावं.

कायदा साधा होता. परवाना असेल तर फ्लॅटमध्ये आठ मुलांपर्यंत पाळणाघर चालवता येतं. सोसायटीला ते बंद पाडता येत नाही, फार तर परवान्याची आणि विम्याची प्रत मागता येते. काकूंनी दोन्ही प्रती स्वतःहून आणून दिल्या होत्या. फायलीत लावल्याही त्यांनीच. पण चौदा म्हणजे आठाच्या बरंच वर. सोसायटीचं पत्र परवाना कार्यालयात गेलं आणि तपासणी होईपर्यंत पाळणाघर बंद ठेवण्याचा आदेश आला.

काकूंचे यजमान कारखान्यात रात्रपाळीला, त्यामुळे दिवसा आतल्या खोलीत झोपलेले. बारा वर्षांत त्या घरातलं प्रत्येक मूल कुजबुजत भांडायला शिकलं होतं. "भांडा, पण हळू. काका उठले तर त्यांनाही मलाच झोपवावं लागेल," असं काकू बजावायच्या. एखादं रडायला लागलं की बाकीची सहा तोंडावर बोट ठेवून त्याच्याभोवती उभी राहायची. ते बिचारं बिचकूनच गप्प व्हायचं.

आदेश घेऊन काकू ऑफिसात आल्या. "चौदा? अरे बाबा, मी काय पोरांना घडी करून कपाटात ठेवते?"

"तपासणीला येतील ना काकू, तेव्हा दाखवा."

"आणि तोवर आईबापांनी पोरं कुठे ठेवायची? तुझ्या टेबलावर?"

तो हसला. हसायला नको होतं.

दुसऱ्याच दिवशी वॉचमन बोलता बोलता म्हणाला, "मुलं कुठली? बूट मोजले मी." कारकुनाने फायलीतून पत्राची प्रत बाहेर काढली. पण पत्रावर सेक्रेटरींची सही होती, आणि नोकरी लागून जेमतेम पाच महिने झाले होते. तपासणीत कळेलच, असं म्हणत त्याने वेळ मारून नेली.

तपासणीला दहा आठवडे लागले. अधिकारी आले, सात गाद्या आणि सात पेले बघितले, परवाना कायम केला. मुलं मात्र एव्हाना दुसरीकडे रुळली होती. पालक आपसात म्हणत होते, "सात सांगून चौदा ठेवत होती हो बाई." काकूंना लागलं ते हे.

मग कारकून चौथा मजला चढला. दार काकांनीच उघडलं, भर दुपारी, तारवटलेल्या डोळ्यांनी. ती कुजबुज थांबल्यापासून त्यांना झोप लागत नव्हती. त्याने खाली मान घालून सगळं सांगितलं. ऐकून काकू दारात आल्या.

"दहा आठवडे माहीत होतं तुला?"

"हो."

"मला सांगून काय उपयोग? मी खोटी नाही हे मला ठाऊक आहे. त्या सातही घरी जाऊन सांग. चहा देतील तिथे चहा घे, शिव्या देतील तिथे शिव्या."

तो सहा घरी गेला. दोन ठिकाणी चहा मिळाला, एका ठिकाणी दारातूनच बोळवण. एक आई रडली. मूल परत पाठवायचं कुणीच कबूल केलं नाही.

सातवं घर सेक्रेटरींचं. पत्र न वाचताच त्यांनी सही केली होती, आणि पाळणाघरातली सातवी मुलगी त्यांचीच नात होती. त्यांची सून अजूनही काकू दिसल्या की लिफ्ट सोडून जिन्याने जाते.

"सहा झाली. सातवं?" परवा काकूंनी गेटपाशी विचारलं.

"उद्या नक्की, काकू."

या आठवड्यात तो त्या घरी चार वेळा जाऊन आला. चारही वेळा फक्त ऑफिसच्या कागदांवर सह्या घेऊन.