जास्वंदीवरचे पाहुणे

आधी एक दुरुस्ती. परवाच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की जास्वंदीवरचा मावा, म्हणजे ती बारीक कीड, झाडाच्या नुसत्या रसावर जगतो. ते चूक होतं. त्या रसात पुरेसं पोषण नसतं. उरलेलं माव्याच्या शरीरातले जिवाणू तयार करून देतात, आणि हे जिवाणू पिल्लांना जन्माआधीच आईकडून मिळतात. दोघांना एकमेकांशिवाय जगता येत नाही.

आज डोंबिवलीला जाऊन आत्यालाही हे सांगितलं. शाळेच्या आधी मला अक्षरं तिनेच शिकवली, तिच्या अंगणातल्या जास्वंदीखाली. देवासाठी फूल तोडलं की ती म्हणायची, "आधी पाहुणे उतरव." मग मी फूल हलकेच झटकायचे.

"म्हणजे एवढ्याशा जिवालाही माहेरची शिदोरी!" आत्या हसली. "आणि तू त्यांना फुकटे म्हणायचीस."

पुढच्या महिन्यात तिचं बैठं घर पाडणार आहेत. जास्वंदही जाईल. मी फांदी आणायलाच गेले होते, पण पर्समधून कात्री काढवेना. तिच्यासमोर फांदी कापायची म्हणजे झाड राहणार नाही हे तिला तोंडावर सांगायचं. मी झाडावरचा मावा धुतला, चहा प्यायले आणि निघाले.

फाटकाशी तिनेच विचारलं, "फांदी नाही नेत? पाहुणे तुझ्या घरी नौपाड्याला येतील म्हणून घाबरतेस?"

मी हो म्हणून टाकलं. तेही खरं नव्हतं.

तुम्ही जास्वंदीची फांदी कशी रुजवता? लवकर सांगा. येत्या रविवारी सकाळी मी पुन्हा जाणार आहे, आणि कात्री आत्याच्याच हातात देणार आहे.