नाताळाचा पहिला मान

मायाक्काच्या दुधात पाणी असतं असं म्हणायची सोलापुरात कुणाची छाती नव्हती. ती दूध आणतच नसे, शेळ्या आणायची. कंबर तलावाच्या माळावरच्या धनगर वस्तीवरून सकाळी चार शेळ्या हाकत रेल्वे लाइन नावाच्या वसाहतीत यायची, गिऱ्हाइकाच्या दारात शेळी उभी करायची आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याच भांड्यात धार काढून द्यायची. वर ऐकवायची, "बगून घ्या डोळं फाडून. मागनं तोंड वाजवायचं न्हाय." बाई तोंडाची फटकळ, पण हात असा हलका की द्वाडातली द्वाड शेळीही तिच्यापुढे गप उभी राहायची.

या बाईच्या मनात सल होता तो एकच. तिचा नवरा बिरप्पा होता तोवर वस्तीवरच्या बिरोबाच्या जत्रेत भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची, पहिली मूठ उधळायचा मान तिच्या घराचा होता. तीन वर्षांमागे बिरप्पा पटकीनं गेला. पोटी मूलबाळ नाही. शेळ्या मायाक्काकडे राहिल्या, कारण त्या राखायला कष्ट पडतात. मान तेवढा धाकट्या दिरानं, गुंडानं उचलला, कारण मानाला चारा घालावा लागत नाही. "बाईमानसाचा कसला आलाय मान, वैनी?" असं तो चारचौघांत म्हणाला, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी व्हय व्हय केलं. तेव्हापासून जत्रेत ती पार मागं, बायकांच्या घोळक्यात उभी राहायची, आणि बिरप्पाच्या हातातलं भंडाऱ्याचं ताट गुंडाच्या हातात बघायची.

तर १९२७ सालच्या डिसेंबरात काय झालं, मद्रास मेलमधून दोन गोरी पोरं सोलापूर स्टेशनात उतरली. उतरली कसली, एकाला हिवतापानं इतकं फोडून काढलं होतं की दुसऱ्यानं त्याला उचलूनच खाली आणलं. अमेरिकेतल्या युटा मुलखातले, मोर्मन नावाच्या पंथाचे धर्मप्रचारक. दोन वर्षं परमुलखात आपला धर्म सांगत हिंडले होते आणि आता मुंबईहून बोटीनं घरी निघाले होते. डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर हलायचं नाही, आणि शेळीचं दूध द्या. स्टेशनातला पार्सल क्लार्क शिवशरण इंग्रजी जाणणारा. त्यानं रेल्वे लाइनीतल्या आपल्या शेजारच्या दोन रिकाम्या खोल्या त्यांना मिळवून दिल्या आणि मायाक्काला बोलावून आणलं.

"हे एल्डर बिगलो, आणि हे आजारी ते एल्डर लार्सन," शिवशरणनं ओळख करून दिली. "त्यांच्यात प्रचारकाला एल्डर म्हणतात. म्हणजे वडीलधारे."

मायाक्कानं दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. विशीतली पोरं, गालावर धड लव नाही. "मिशी फुटाय अजून दोन पावसाळं हाईत, आन म्हनं वडीलधारे! मग मी काय, पणजी?"

ही पोरं चहा पीत नाहीत, कॉफी पीत नाहीत, विडी-तंबाखू तर लांबच, हे कळल्यावर सगळी लाइन अचंब्यात पडली. शेजारीपाजारी आपलेपणानं चहा आणायचे, साहेब हात जोडून नको म्हणायचे, आणि आणणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून तो शिवशरण प्यायचा. आठवडाभरात त्याची झोप उडाली. त्यात त्यानं कुठंसं वाचलेलं की या पंथात पूर्वी एकेक पुरुष चार-चार लग्नं करायचा. मायाक्काला धक्का बसेल, मजा येईल, म्हणून त्यानं ते हळूच तिच्या कानात सांगितलं.

मायाक्कानं त्याला सरळ लार्सनलाच विचारायला लावलं. पोरगा कानापर्यंत लाल झाला. वडिलांना एकच, पण आजोबांना तीन होत्या, म्हणाला.

"माज्या सासऱ्याला दोन हुत्या," मायाक्का म्हणाली. "दोगी मिळून त्यालाच बडवायच्या. ह्यात काय नवाल?"

बिगलो होता उत्साही. त्यानं एकदा तिलाही धर्म सांगायला घेतला. तो चांगला पाच मिनिटं बोलला आणि शिवशरणनं ते एका वाक्यात उरकलं. मायाक्का हसत म्हणाली, "त्येला सांग, धरम काय लुगडं हाय व्हय, फाटलं की बदलायला?" शिवशरणनं त्याचं भाषांतर केलं, "बाई विचार करते म्हणते."

लार्सनचा ताप उतरला, पण पोरगं खाईना. नाताळ जवळ येत होता. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचं. मग एका सकाळी मायाक्का दारात हरणी नावाच्या शेळीची धार काढत होती, तेव्हा ते उठून आलं, उकिडवं बसलं आणि हात पुढं केला. "घे, खा लाथ," म्हणून ती बाजूला सरली. हरणीनं लाथ मारली नाही. पोरानं कासेला पाणी लावलं, आणि धार अशी चुर्र चुर्र पडू लागली की मायाक्काचा आ वासला.

"आरं, हे तर धनगराचं पोर!"

शिवशरणनं विचारून सांगितलं, "खरंच. यांच्या घरी तीन हजार मेंढरं आहेत."

"तीनशे म्हन. लेकरू आजारी हाय, म्हनून एवडं सोडते." पण त्या दिवसापासून लार्सन तिचा झाला. दूध प्याल्याशिवाय ती दारातून हलेना.

बोलता बोलता तिनं विचारलं, नाताळ नाताळ म्हणता, तो कसला सण? लार्सननं सांगितलं. परगावी एक बाई बाळंत झाली, जागा मिळेना म्हणून गोठ्यात. लेकरू गव्हाणीत ठेवलं. आणि देवाच्या दूतानं ही बातमी पहिल्यांदा सांगितली ती रानात मेंढरं राखत बसलेल्या लोकांना.

मायाक्काचा धारेचा हात थांबला. "पयल्यांदा कुनाला?"

"मेंढपाळांना," शिवशरण म्हणाला.

"म्हंजी धनगरास्नी! पाटलाला न्हाय? शेटसावकाराला न्हाय? मिलच्या मालकाला बी न्हाय?"

"नाही बाई. धनगरांनाच."

"मग पयला मान आमचाच की!"

झालं! सण म्हटला की जत्रा आली, जत्रा म्हटली की मान आला, आणि मान म्हटला की तो कुणाचा हे ठरलेलं असायलाच हवं. तिच्या हिशेबी यात शंका घेण्याजोगं काही नव्हतंच. शिवशरणला त्या दिवशी ड्यूटीची घाई होती. "तुमचाच, तुमचाच," म्हणून तो सटकला, आणि मायाक्का वस्तीवर पोचेपर्यंत नाताळाला साहेबाच्या घरात पहिलं पाऊल टाकायचा धनगरांचा मान पक्का झाला होता.

गुंडाचे कान टवकारले. "मान हाय म्हंजी ढोल न्यावा लागंल. कवा हाय म्हनलीस जत्रा?"

"सव्वीस तारीक," मायाक्का गंभीर चेहऱ्यानं म्हणाली.

पंचवीस तारखेला ती पहाटेच उठली. हरणीला धुतलं, कपाळाला हळद लावली, बिरप्पाचं घोंगडं खांद्यावर टाकलं. बाळंतिणीच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून घुगऱ्या शिजवल्या आणि लाल खणाचं टोपडं शिवलं. आयुष्यात तिनं शिवलेलं ते पहिलंच टोपडं. आज पहिली मी, असं मनाशी घोकत ती लाइनीत वळली आणि जागीच थबकली.

साहेबाच्या दारात गुंडा उभा! डोक्याला नवा पटका, गळ्यात ढोल, मागं आठ गडी. नाताळ पंचवीसलाच असतो, हे शिवशरणनं आदल्या दिवशी बाजारात त्याला सांगून टाकलं होतं.

"मेल्या शिवशरणा, तुज्या जिभेला हाड न्हाय!" मायाक्का कडाडली.

"मला काय ठाऊक तुम्ही सव्वीस सांगितलंय!" शिवशरण केविलवाणा झाला.

"वैनी, मागं सर," गुंडा म्हणाला. "मान गड्याचा असतुया. बिरोबाम्होरं ठरलंय ते, हितं काय येगळं?"

सगळी लाइन गोळा झाली. बिगलोला वाटलं दंगा झाला, त्यानं आधी दार लावून घेतलं आणि मग फटीतून डोकावला. शेवटी लार्सननं ते उघडलं. भांडण कशाचं, त्यानं विचारलं. शिवशरणनं घाम पुसत प्रथमच सगळं जसंच्या तसं सांगितलं: नाताळाला पहिलं कोण आत येणार, हा दीर की ही बाई.

हा मानही हातचा गेला तर मायाक्काला लाइनीत तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती. लार्सननं तिच्याकडं बघून एकच गोष्ट विचारली.

"साहेब म्हणतात, तुमच्या घरची शेरडं कोण राखतं?"

"म्या राखते. धनी गेल्यापास्नं एकलीच."

लार्सन तुटक तुटक बोलू लागला, आणि शिवशरणही तसाच तुटक सांगू लागला. लार्सनचे वडील चार वर्षांमागे मेंढरांमागं असतानाच गेले. मेंढरं आईनं सोडली नाहीत. आत्ता, नाताळाच्या दिवशी, ती बर्फात मेंढरांपाशी असेल. पोरगा परमुलखात. तिला नाताळाला घरात बोलवायला कोणी नसेल.

"बर्फ म्हंजी? सोड्याच्या दुकानातला?" मायाक्कानं विचारलं.

"तोच. पण रानभर. गुडघ्याएवढा."

"आगं बाई! रानभर!"

पोराच्या डोळ्यांतून पाणी खाली आलं. मायाक्का कुणाला न विचारता पायरी चढली. "बाळ कुटं हाय ते? म्या टोपडं आनलंय," म्हणत तिनं आत नजर फिरवली. दोन खाटा आणि एक पेटी. बाळ कुठलं असणार? तेव्हा तिनं त्या सहा फुटी पोराला वाकवलं आणि टोपडं त्याच्याच टाळूवर ठेवलं. सगळी लाइन खदखदली, हरणी दचकली, लार्सन रडता रडता हसला. मग त्यानं तिच्या खांद्यावरचं घोंगडं घेतलं, आतल्या खोलीत अंथरलं, आणि हात धरून सगळ्यांआधी तिला त्यावर बसवलं.

मायाक्कानं पदर सावरला, आतूनच ओरडली, "भावजी, वाजीव की आता! ढोल काय मिरवायला आनलाईस व्हय?"

आणि गुंडाला वाजवावा लागला. दुसरं करतो काय?

जानेवारीत पोरं मुंबईला गेली. टोपडं लार्सननं नेलं. पंथाला सोलापुरात एकही माणूस मिळाला नाही, पण त्या दुधाला आणि घुगऱ्यांना ती दोघं नावं ठेवणार नाहीत.

चैत्रात बिरोबाची जत्रा आली. गुंडानं ताट उचलायच्या आत मायाक्का शिवशरणला घेऊन पुढं आली. "भावजी, साहेबाची चिट्टी आलीया. वाच रे."

शिवशरणनं खिशातून कागद काढून इंग्रजीत खणखणीत वाचला. ती पार्सलाची पावती होती, पण वस्तीत इंग्रजी कुणाला येतंय? बाजारात जिभेनं केलेल्या त्या चुकीची फेड तो करत होता. मग त्यानं अर्थ सांगितला, "बाई, आमच्या देवाकडे या. इथं पहिला मान तुमचाच."

"जाऊ का?" मायाक्कानं म्हाताऱ्यांना विचारलं.

म्हातारे एकमेकांकडं बघू लागले. बिरप्पाची बायको गोऱ्याच्या देवाकडं! कोंडीबा नावाचा सगळ्यांत थोर म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "गुंडा, ताट दे तिच्याकडं."

मायाक्कानं ताट घेतलं. पहिली मूठ तिनं बिरोबावर उधळली. दुसरी बिरप्पाच्या नावानं. मग तिसरी भरली आणि मावळतीकडं तोंड करून लांब फेकली.

"ही कुनाची गं?" कोंडीबानं विचारलं.

"हाय एक धनगरीन," मायाक्का म्हणाली. "लई लांब ऱ्हाती, बर्फात. तिला बलवायला कुनी न्हाय."