दोन बोटं वर

माळीबुवांच्या रागाबद्दल त्यांच्या बायकोचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आमच्याकडे गॅस संपला तरी अडत नाही. यांच्या डोक्यावर भांडं ठेवलं की चहा होतो." कामावर लोक त्यांना तोंडावर माळीबुवा म्हणायचे आणि पाठीमागे 'तवा'. तवा तापलाय, जरा लांबून जा.

राग त्यांच्या नाकावर होता हे खरं, पण तो कुठल्याही गोष्टीसाठी नसायचा. पूर्वी ते एका बंगल्यावर कामाला होते. तिथल्या मालकाने भर उन्हाळ्यात एक फुललेलं झाड उपटून फाटकापाशी लावायला सांगितलं. झाड मरेल, असं बुवा म्हणाले. "मेलं तर मेलं, दुसरं आणू," मालक म्हणाला. बुवांनी कुदळ त्याच्या हातात ठेवली. "मग तुम्हीच मारा," म्हणाले आणि चपला घालून चालते झाले. घरी तेव्हा दोन पोरी शाळेत जाणाऱ्या. बायको महिनाभर नीट बोलली नाही, पण चूक केलीत असंही म्हणाली नाही.

त्यानंतर ते लागले एका अंध प्रशिक्षण केंद्रात. तिथे मोठी माणसं येऊन राहायची आणि काम शिकायची. कुणी वेताच्या खुर्च्या विणायला, कुणी टेलिफोनवर बसायला. मधोमध चौकोनी लॉन, त्याच्या चारी बाजूंनी सिमेंटची वाट. राहायच्या खोल्या, कार्यशाळा, जेवणघर, ऑफिस, सगळं त्या वाटेवर. माणसं पांढरी काठी वाटेच्या कडेने सरकवत चालायची. काठी गवताला लागली की कळायचं, कड आली.

अडचण गवताची होती. ते वाटेवर पसरायचं, पावसाळ्यात तर हातभर आत यायचं. मग कड कुठली आणि वाट कुठली ते काठीला कळेना. माणसं चालत चालत फुलझाडांत जाऊन उभी राहायची. बुवा दर आठवड्याला गुडघ्यावर बसून विळ्याने कड कापायचे. कमरेचे टाके ढिले झाले. लॉनला गवत अडवणारी पत्र्याची पट्टी बसवा म्हणून त्यांनी चार वर्षांत चार अर्ज दिले. व्यवस्थापक दर वेळी "बघू" म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

आणि एके दिवशी पट्टी आली. कशी आली? गुरुवारी बाहेरून पाहुणे येणार होते केंद्र बघायला. म्हणून रविवारी, बुवांच्या सुट्टीच्या दिवशी, ठेकेदाराची माणसं आली आणि एका दिवसात सगळ्या लॉनभोवती पट्टी ठोकून गेली.

सोमवारी सकाळी बुवा फाटकातून आत आले आणि थबकले. लांबून पट्टी चकचकीत दिसत होती, आणि सरळ नव्हती. शोभा यावी म्हणून तिला नागमोडी वळणं दिली होती. कुठे ती वाटेवर आली होती, कुठे हातभर आत गेली होती. जवळ जाऊन ते खाली बसले. पट्टी जमिनीपासून चांगली चार बोटं वर. जोडावर एक टोक दुसऱ्यामागे जायला हवं, तिथे दोन्ही टोकं नुसती एकमेकांना भिडवलेली, एक तर बाहेर आलेलं. आणि वरचा काठ दुमडलेला नव्हता. कातरलेला पत्रा तसाच. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, रक्त आलं.

बुवांची तळपायाची आग मस्तकात गेली. बोट तोंडात धरून ते थेट ऑफिसात गेले.

"साहेब, हे काय करून ठेवलंय?"

"काय झालं? तुम्हीच मागत होतात ना पट्टी?"

"मी पट्टी मागितली होती, सुरी नाही." त्यांनी बोट पुढे केलं. "इथे माणसं हाताने चाचपून चालतात. पायात चप्पल असतेच असं नाही."

व्यवस्थापकांनी बोटाकडे पाहिलं आणि मग कॅलेंडरकडे. "गुरुवारी पाहुणे आहेत. तोवर हात लावायचा नाही. शुक्रवारी बघू."

"चार दिवसांत कुणी पडलं तर?"

"माळीबुवा, सकाळी सकाळी वाईट बोलू नका. आपली माणसं एकोणीस वर्षं चालतायत या वाटेवर."

"एकोणीस वर्षं मी कड कापतोय म्हणून चालतायत!"

आवाज कार्यशाळेपर्यंत गेला. व्यवस्थापकांनी दार लावून घेतलं. बुवा तणतणत मागे खताच्या खड्ड्याकडे गेले. मरा तिकडे, माझं काय जातंय, असं पुटपुटत त्यांनी दुपारपर्यंत कुजलेला पाला असा वरखाली केला, की तो खड्डा पुढे सहा महिने उपसावा लागला नाही.

दुपारी जेवणाची घंटा झाली, आणि पाठोपाठ आरडाओरडा.

खुर्च्या विणायला शिकवणाऱ्या बाई पडल्या होत्या. पन्नाशीच्या, ताठ चालणाऱ्या, पस्तिसाव्या वर्षी दृष्टी गेली तेव्हापासून इथेच असलेल्या. कुणाच्या हाताला धरून चालणं त्यांना आवडायचं नाही. नागमोडी पट्टी जिथे वाटेवर आली होती तिथे त्यांचा पाय अडकला आणि पडताना उजवा हात नेमका जोडावर, बाहेर आलेल्या टोकावर आपटला. तळवा अंगठ्याच्या मुळापासून फाटला. बुवा पोचले तेव्हा वाटेवर रक्त होतं, पदर हाताला गुंडाळलेला होता आणि बाई दात आवळून बसल्या होत्या. रडत नव्हत्या.

नऊ टाके पडले. संध्याकाळी बाई दवाखान्यातून परत आल्या आणि त्यांच्या खोलीच्या दारात बुवा जाऊन उभे राहिले.

"बाई, मी आहे."

"माहितीये. खताचा वास आला."

"मी साहेबांना सकाळीच सांगितलं होतं. भांडलो. ऐकलं नाही. त्या माणसाला मी आता..."

"तुमचं बोट कापलं म्हणे सकाळी," बाई मध्येच म्हणाल्या.

"हो ना! दाखवलं मी त्यांना."

"त्यांना दाखवलंत." बाईंचा आवाज एकदम चढला. "मला का नाही सांगितलंत? त्या वाटेवर साहेब चालतात का? साहेब ऑफिसच्या दारात गाडीतून उतरतात! कार्यशाळेच्या दारात उभं राहून एकदा ओरडला असतात, बाबांनो, नवी पट्टी आहे, धार आहे, वाटेवर आलीये, जपून जा. एवढंच! तेवढ्यावर आम्ही आमचं बघितलं असतं. पण नाही. तुम्ही दोघं आमच्यासाठी भांडणार, आणि आम्ही जेवायला निघणार!"

आपण खड्ड्यापाशी 'मरा तिकडे' म्हणालो होतो, ते बुवांना आठवलं आणि त्यांची कानशिलं तापली.

"आता उभे राहू नका," बाई म्हणाल्या. "हात ठणकतोय माझा. जा."

त्या रात्री बुवा घरी जेवले नाहीत. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट झाकून ठेवलं. राग नेहमीचाच होता, पण या वेळी तो कुणावर काढावा हे समजत नव्हतं. साहेबांवर काढला तरी निम्मा उरत होता.

मंगळवारी सकाळी ते कामाला न लागता आधी कार्यशाळेत गेले. बाई हात गळ्यात अडकवून, खुर्चीवर बसून तोंडाने शिकवत होत्या. बुवा दारातूनच ओरडले, "मी पट्टी उपटतोय! सगळी! आज वाटेवर ढिगारे असतील, भिंतीकडच्या बाजूने जा!"

"ओरडू नका. डोळे गेलेत आमचे, कान नाही," बाई म्हणाल्या. वर्गात हसू फुटलं. मग त्यांनी विचारलं, "उपटून काय करणार?"

"नीट बसवणार. किती वर ठेवू ते सांगा."

असं कुणी विचारलं नव्हतं. सगळे एकदम बोलायला लागले. टेलिफोनवर बसणारा एक दाढीवाला म्हणाला, एक बोट ठेवलंत तर काठी वरून घसरते. दुसरी म्हणाली, चार बोटांना पाय अडकतो, काल पाहिलंच. खूप वादावादी झाली आणि दोन बोटांवर एकमत झालं. वळणं नकोत, सरळ रेघ. आणि जिथे वाट फुटते, जेवणघराकडे, ऑफिसकडे, तिथे समोर पट्टीत दोन हातांची फट, म्हणजे काठी मोकळी सुटली की पलीकडे वळायचं कळेल.

"आणि काठ दुमडून आणा," बाई म्हणाल्या. "आणलात की आधी माझ्याकडे. डावा हात शाबूत आहे माझा."

बुवांनी पहार घातली. खुंट्या कचाकच वर यायला लागल्या. अर्धी बाजू झाली तेव्हा व्यवस्थापक धावत आले.

"अहो, काय चाललंय काय! परवा पाहुणे आहेत!"

"येऊ द्यात."

"मी तुम्हाला हात लावू नका म्हणून सांगितलं होतं!"

बुवा उभे राहिले. हातात पहार तशीच. "सांगितलंत. मी ऐकलं. ऐकलं म्हणून त्या बाईचा हात फाटला. आता नाही ऐकणार. काय करायचं ते करा."

लॉनच्या पलीकडे कार्यशाळेच्या खिडक्यांत माणसं कान देऊन उभी होती. विणण्याचा आवाज थांबला होता. व्यवस्थापकांनी तिकडे पाहिलं, टाय सारखा केला आणि "लेखी देतो मी तुम्हाला," असं म्हणून ते परत फिरले.

पट्ट्या हातगाडीवर घालून बुवा पत्र्याचं काम करणाऱ्याकडे गेले आणि तो काठ दुमडत असताना दिवसभर त्याच्या उरावर बसून राहिले. बाईंनी एकेका पट्टीवरून डावा अंगठा फिरवला. तीन पट्ट्या परत पाठवल्या. बुधवारी बुवांनी दोरी ताणली, फावड्याने सरळ चर काढली, पट्टी उभी केली, लाकडाचा ठोकळा वर धरून हातोडा मारला, म्हणजे काठ चेपायला नको. जोडावर टोकामागे टोक. दर चार हातांवर बोटं लावून माप. मग माती भरून पायाने दाबली.

गुरुवारी पाहुणे आले तेव्हा तीन बाजू झाल्या होत्या आणि चौथी उघडी होती, मातीचे ढीग, उपटलेलं गवत, चिखलाने भरलेले बुवा. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, हे काय चाललंय? व्यवस्थापक म्हणाले, "सुधारणा." बुवांनी एवढ्या जोरात नाक शिंकरलं, की पाहुण्या बाई दचकल्या.

शुक्रवारी लेखी ताकीद आली. संस्थेच्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल. खाली सही करायची होती. बुवांनी सहीच्या वर स्वतःच्या वाकड्या अक्षरात लिहिलं, 'केली. परत तशी बसवलीत तर परत करीन.'

त्यांना कुणी काढलं नाही. व्यवस्थापकही कुठे गेले नाहीत. दोघं वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत, निरोप शिपायाकरवी जायचे. बाईंच्या अंगठ्यात पूर्वीचा जोर आला नाही. वेत ओढून घट्ट करायचं काम त्यांना सोडावं लागलं, ते आता शिकाऊ करतात आणि बाई बोट लावून "ढिला" एवढंच म्हणतात. तो शब्द ऐकला की बुवांच्या कपाळाची शीर अजून उडते. साहेबांना त्यांनी माफ केलं नाही. खड्ड्यापाशी घालवलेल्या त्या सकाळीबद्दल स्वतःलाही नाही.

पुढच्या वर्षी ऑफिससमोरच्या छोट्या लॉनला पट्टी घालायचं ठरलं. एक दिवस शिपाई कागद घेऊन कार्यशाळेत आला. साहेबांनी विचारलंय, उंची किती, वळणं हवीत का, फटी कुठे. बाईंनी सगळं सांगितलं, शिपायाने लिहून घेतलं.

बुवांना हे संध्याकाळी कळलं. आनंद व्हायला हवा होता. ते विळा आपटून म्हणाले, "आणि मला विचारायला काय धाड भरली होती?"