डिचोलीची लाइन

मी पेडण्याचा. फौजेतल्या साऱ्या नोकरीत घराजवळ ड्यूटी मिळाली ती एकदाच, आणि तीही पुरात. गोवा राज्य होऊन काही वर्षं झाली होती. मी सिग्नल्समध्ये हवालदार. सोबत लान्स नायक बसवराज, बेळगाव जिल्ह्यातला. आम्हाला डिचोलीच्या मदत केंद्रात टाकलं होतं.

काम एवढंच, डायल-अपची लाइन चालू ठेवायची. नदीच्या वरच्या अंगाला पाणी किती चढलं, ते पणजीची कंट्रोल रूम कॉम्प्युटरवर पाठवी. फोनवर आकडे ऐकण्यात चुका होत, म्हणून ही सोय. ते पाहून केंद्राचे प्रमुख मेजरसाहेब बोटी कुठं धाडायच्या ते ठरवत. बोटींशी बोलायला वायरलेस सेट होता.

मोडेम शिट्टी मारी, करकरे, जोडला जाई आणि तुटे. आतल्या खोलीत कुणी फोन उचलला की तुटे. बसवराजनं तो रिसीव्हर सुतळीनं बांधून टाकला. तरी वीज कडाडली की तुटेच. पुन्हा डायल. आम्ही आळीपाळीनं खुर्चीतच डोळे मिटत असू. अंगावरचे कपडे वाळत नव्हते.

टेलिफोन खात्याचा लाइनमन पुंडलीकभाऊ चहा आणि उंडे, म्हणजे गोल पाव, आणून देई.

"खावा रे बाबांनो. लायन काय पळून जायना."

"पळते भाऊ," बसवराज म्हणे. "रोज पळते."

एका दुपारी दोन बोटी आमोण्याच्या खालच्या वाड्यांवर माणसं काढायला गेल्या आणि लाइन बंद पडली. टोनच नाही. ओढ्यावरच्या मोरीकडच्या खांबावरचा जोड भिजला असणार, असं पुंडलीकभाऊ म्हणाला. त्याचा पाय मुरगळलेला होता. मी हत्यारांची पिशवी उचलली. बसवराजनं ती माझ्या हातून घेतली.

"उस्ताद, सेट तुम्ही सांभाळा. बोटवाले तुमचा आवाज ओळखतात."

"कमरेला दोर बांधून जा."

"हो."

दोर धरायला एक होमगार्ड गेला.

बऱ्याच वेळानं टोन आला. मी डायल केलं. पहिल्याच फेरीत मोडेम जोडला गेला. वरचं पाणी झपाट्यानं चढत होतं. मेजरसाहेबांनी स्क्रीन वाचली.

"रिकॉल."

"ब्राव्हो वन, ब्राव्हो टू, धिस इज डिचोली कंट्रोल. पाणी येतंय. आत्ता परत फिरा. ओव्हर."

"ब्राव्हो वन, रॉजर. निघतो."

ब्राव्हो टू बोलेना. मी हाका मारत राहिलो. शेवटी खरखरीतून आवाज आला, "टू, रॉजर. पोरंबाळं चढवतोय."

दोन्ही बोटी काठाला लागल्याचा निरोप आला, तेवढ्यात होमगार्ड धावत आत शिरला. मोरी खचली होती. तुटलेला दोर त्याच्या हातात होता.

मी उठलो.

"बस," मेजरसाहेब म्हणाले. "लाइन सोडू नकोस. शोधायला मी माणसं पाठवतो."

मी बसलो. अंधार पडेपर्यंत ती लाइन एकदाही तुटली नाही.

पाणी उतरल्यावर बसवराज एका शेताच्या बांधाशी सापडला. त्याचे वडील आले. मराठी अडखळत बोलत.

"बोटीतली माणसं?" त्यांनी विचारलं.

"सगळी आली, बाबा."

"लहान मुलं होती?"

"होती."

त्यांनी मान हलवली.

आता त्या मोरीच्या जागी रुंद पूल आहे. डिचोलीला गेलो की मी गाडी थांबवतो, उतरून सावधानमध्ये उभा राहतो. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत. लान्स नायक बसवराजला सॅल्यूट करूनच मी निघतो.