काकतीच्या आण्णाप्पाचं टीव्हीवरचं मरण

पंधरा सप्टेंबर. दिल्लीत दूरदर्शनचं पहिलं प्रसारण झालं तो हा दिवस. बेळगावातल्या एका पेपरात दिनविशेषाचं सदर मी लिहितो आणि दरवर्षी ही ओळ न चुकता घालतो. याच तारखेला काकतीचा आण्णाप्पा टीव्हीवर मेला, ही ओळ मात्र मला घालू देत नाहीत. संपादक म्हणतात, असल्या नोंदी घेतल्या तर उद्या सगळा जिल्हा दारात उभा राहील. राहू दे की! पण ऐकतो कोण. म्हणून ती इथं लिहून ठेवतो.

आण्णाप्पा माझ्या ओळखीतला; बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम करतो. माणूस कामाला चोख, पण लई हेकट. बाप गेल्यावर यानं बहिणीची, मालुबाईची, जमिनीच्या हक्कसोडीवर सही घेतली. साधी साडीचोळीसुद्धा केली नाही. नंदगडला दिलेली ती बहीण सही करून उठली आणि म्हणाली, "आजपास्नं तू मला मेलास." त्यानंतर तिनं काकतीत पाऊल ठेवलं नाही, यानंही कधी फोन लावला नाही. दोघं एकाच बापाची, दुसरं काय!

मागल्या वर्षी उन्हाळ्यात अंगणात मिरच्या वाळत घालताना आण्णाप्पाच्या डोक्याला कावळा शिवला. आमच्याकडं यावर जुना उपाय आहे. माणूस मेल्याची खोटी बातमी नात्यात धाडायची. कुणीतरी मनापासून रडलं की पीडा टळते, मग खरं काय ते सांगून टाकायचं. बायको नीलम हात धुऊन मागं लागली. पण बातमी धाडायची कुणाला? नीलमच्या माहेरचे लगेच व्हिडिओ कॉल लावून बघणार. रक्ताचं माणूस एकच उरलेलं, आणि तिच्या लेखी हा केव्हाच मेलेला. गडी त्या काळजीनं वाळला. मला म्हणाला, "कावळ्याचं काय न्हाय ओ. ती रडलीच न्हाय तर?"

श्रावणात कोल्हापूरकडं एका मालिकेचं शूटिंग होतं. तिथं माणसं पुरवणाऱ्या रवळूला मढ्याच्या कामाला माणूस मिळत नव्हता. आण्णाप्पा आपणहून गेला. त्याला तिरडीवर बांधलं, नाकात कापूस घातला, गळ्यात हार घातला. नायिका त्याच्यावर पडून रडत होती आणि मध्येच आपला मेकअप बघत होती. हा श्वास धरून पडून राहिला. घरी आल्यावर त्यानं भाच्याला, सूरजला, एवढंच कळवलं की पंधरा सप्टेंबरला ती मालिका आईला दाखव.

पुढचं मला सूरजनं सांगितलं. मालुबाई शेंगा फोडत टीव्हीपुढं बसली होती. तिरडी आली, हारातला चेहरा दिसला, आणि तिनं सूप बाजूला सारलं. सूरज म्हणाला, मालिका हाय गं आई, मामा बरा हाय. कळतंय मला, असं म्हणून तिनं तोंडाला पदर लावला. मालिका संपून बातम्या लागल्या तरी ती रडतच होती. रात्री जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती काकतीत हजर झाली. आण्णाप्पा कामावर निघाला होता, दारातच थांबला. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"सही केली तवा एक टिपूस काढला न्हवता मी," ती म्हणाली. "काल लई रडले रं."

आण्णाप्पा दारातून बाजूला झाला. नीलमनं तिला हाताला धरून आत नेलं. संध्याकाळी तिची पिशवी घेऊन तो तिला बसस्टँडवर सोडायला गेला, तो तसाच बसमध्ये चढला. कारखान्याचा मालक फोन करून करून दमला. गडी तिकडं नंदगडात बहिणीच्या घराची गळकी कौलं चाळून नीट बसवत होता.

दिवाळीनंतर रवळूचा पुन्हा फोन आला. दुसऱ्या मालिकेत मढं हवं होतं, पैसेही जास्त होते. आण्णाप्पानं सरळ नाही म्हणून सांगितलं.

"आता न्हाय जमायचं रं," तो म्हणाला. "माझ्यामागं रडणारं माणूस हाय."